दारू सोडणाऱ्याला बाजाराच्या दिवशी एक खोली द्या



आपल्या भागात दारू सोडण्याचे उपाय कमी नाहीत. कोणी ग्रामदैवतापुढे आण घेतो, कोणी पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो, कोणाला भाऊबंद जीपमध्ये घालून केंद्रात नेऊन सोडतात. एसटी स्टँडाच्या भिंतीवर 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' असे कागद चिकटवलेले असतात. त्यामुळे दारू सोडणे हे आपल्याकडे नवलाचे राहिलेले नाही. माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराने ती सात-आठ वेळा सोडली आहे. अडते ते सोडल्यानंतरच्या संध्याकाळी. जनावरांना वैरण टाकून झाली, दूध डेअरीला गेले, आणि मग रोज ज्या वाटेने पाय जात होते त्या वाटेकडे बघत माणूस ओट्यावर बसतो. त्या घटकेला त्याच्याजवळ कोण बसणार, याची तजवीज ना घरच्यांनी केलेली असते, ना पंचायतीने, ना सरकारने.

आज लिहायचे आहे ते या तजविजीबद्दल. 'कृषी खात्याच्या माणसाने किडी-रोगांवर लिहावे, दारूवर कशाला?' असे कोणी म्हणेल. मी कृषी पदविका घेतलेला माणूस, डॉक्टर नव्हे. पण बारा वर्षे गावोगाव हिंडतो आहे. अनुदानातून बसवलेल्या ठिबकच्या नळ्या वर्षाच्या आत भंगारात आणि भंगाराचे पैसे गुत्त्यावर गेलेले मी पाहिले आहेत. डाळिंबावर तेल्या आला तेव्हा चार दिवस मालकच शुद्धीवर नव्हता, हेही पाहिले आहे. उसाचे बिल खात्यावर जमा झाले की त्या आठवड्यात ढाब्यासमोर मोटारसायकली मोजून घ्याव्यात. शिफारस कितीही चांगली असो, ती अमलात आणणारा माणूस पायावर उभा असावा लागतो. म्हणून हा विषय माझ्याही खात्याचा आहे असे मी धरून चालतो.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून व्यसनांची देशव्यापी पाहणी करून घेतली. तिचा अहवाल २०१९ साली आला. त्यात असे आढळले की दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे जेमतेम एकाला कुठला ना कुठला उपचार मिळतो. बाकीचे ३७ तुमच्या-माझ्या गावात ओट्यावर बसलेले आहेत.

या माणसांसाठी जगात एक साधी व्यवस्था नव्वद वर्षे चालू आहे. तिचे नाव अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे निनावी मद्यपी. सगळे तिला ए.ए. म्हणतात. तिची सुरुवात कशी झाली ते सांगतो, कारण सगळी मेख त्यात आहे. १९३५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी शेअर बाजारातला बिल विल्सन नावाचा गृहस्थ धंद्याच्या कामासाठी गेला होता. त्याची दारू सुटून काही महिनेच झाले होते. काम फिसकटले, परके गाव, आणि हॉटेलातल्या बारमधून माणसांचा आवाज येत होता. हा इसम बारमध्ये जायच्या ऐवजी टेलिफोनकडे गेला. गावातल्या चर्चमध्ये फोन लावत, मला एखादा दारुडा भेटवा, असे विचारत सुटला. त्यातून त्याची बॉब स्मिथ या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरशी गाठ पडली. हा डॉक्टरही पक्का पिणारा. बिलने त्याला उपदेश केला नाही, आपलीच कहाणी सांगितली. त्या बोलण्याने डॉक्टरला पुढे दारू सोडता आली, हे तर झालेच. पण त्या रात्री बिलचीही दारू टळली. ज्याने मदत केली तोही वाचला. डॉक्टरने शेवटची दारू घेतली तो १० जून १९३५ हा दिवस ए.ए. आपला स्थापना दिवस मानते. भारतात ती १९५७ साली दिल्लीत सुरू झाली आणि आज महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांत तिच्या मराठीतून मीटिंगा भरतात.

तिथे फी नाही, नावनोंदणी नाही, आधार कार्ड नाही. दारू थांबवायची इच्छा असली की झाला सभासद. बाहेरच्यांकडून देणगी घेत नाहीत, शेवटी डबा फिरवतात आणि सभासद त्यात दहा-वीस रुपये टाकतात, त्यातून चहा आणि खोलीचे भाडे निघते. ना पक्ष, ना पुढारी.

आता हे सगळे चांगले असले तरी आपल्या माणसाला ते सापडते कसे? माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका शेतकऱ्याचा अनुभव त्यांच्याच परवानगीने, नावगाव न सांगता लिहितो. वयाने मोठे म्हणून मी त्यांना तात्या म्हणतो. पाच एकर ऊस-कांदा, पन्नाशीची उमर. सकाळी चहाच्या आधी घोट घेतल्याशिवाय हाताचा कंप थांबत नसे. एक दिवस मी कांदाचाळीचे कागद घेऊन गेलो तर काकू म्हणाल्या, "साहेब, एवढ्या योजना आणता, ह्यांच्यासाठी एखादी आणा की."

जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. तात्यांना तिथे नेले. डॉक्टरांनी दाखल करून घेतले, आठ-दहा दिवसांत कंप थांबला, जेवण जाऊ लागले. सोडताना डॉक्टर म्हणाले, "औषधाचं काम मी केलं, आता आठवड्याला मीटिंग धरा." कुठली मीटिंग, कुठे? तालुक्याला येऊन चौकशी केली. दवाखान्याच्या खिडकीवर कोणाला माहीत नाही. औषधाच्या दुकानात पोरे हसली. एका कचेरीत विचारले तर तिथले कारकून म्हणाले, "कुठल्या पक्षाची मीटिंग?" शेवटी पत्ता दिला एका रिक्षावाल्याने. त्याने आमच्याकडे नीट पाहिले, रिक्षा कडेला घेतली आणि हळूच म्हणाला, "मी तिथलाच हाय." दर गुरुवारी संध्याकाळी सात ते साडेआठ, शाळेची एक खोली. सबंध तालुक्याच्या गावात हे ठिकाण ठाऊक असलेला माणूस भेटायला आम्हाला तीन खेपा पडल्या.

तात्या जायला तयार होईनात. "तिथं समदे बेवडे असतील," म्हणाले. रिक्षावाला म्हणाला, "मग तुमाला काय कीर्तनकार पाहिजेत का?"

काही मीटिंगा फक्त पिणाऱ्यांसाठी बंद असतात, काही खुल्या. खुल्या मीटिंगला मीही मागच्या बाकावर बसलो आहे. दहा-बारा माणसे, त्यात एक मास्तर, दोन ड्रायव्हर, एक किराणा दुकानदार, एक विशीतला पोरगा. कोणीतरी पुस्तकातले पानभर वाचतो. मग एकेक जण आपले पहिले नाव सांगतो, आपण मद्यपी आहोत म्हणतो आणि बोलतो. मध्ये कोणी तोंड घालत नाही. 'तू असं करायला पाहिजे होतंस' हे वाक्य तिथे ऐकू येत नाही. आपल्याकडे चार माणसे जमली आणि कोणी कोणाला सल्ला दिला नाही, असे मी दुसरीकडे कुठेही पाहिलेले नाही. जन्मभर दारू सोडण्याची भाषा नाही. आज घ्यायची नाही, उद्याचे उद्या. आणि भर सगळा पहिल्या घोटावर, कारण दहाव्या घोटाला माणूस पडत असला तरी पायरी चुकते ती पहिल्याच घोटाला.

तीन गुरुवार तात्या गप्प बसून राहिले. चौथ्या गुरुवारी बोलले. पोरीच्या कॉलेजच्या फीसाठी शेळ्या विकल्या होत्या, ते पैसे त्यांनी दोन दिवसांत पिऊन संपवले आणि घरी येऊन पाकीट मारले असे सांगितले. पोरगी त्या वर्षी घरी बसली. खोलीत कोणी 'अरेरे' म्हणाले नाही. दोघा-तिघांनी फक्त मान हलवली. परत येताना मोटारसायकलवर मागे बसून तात्या मला म्हणाले, "मला वाटायचं हे फकस्त म्याच केलंय."

आम्ही शेतीत शेतीशाळा घेतो. एकाच गावातले वीस-पंचवीस शेतकरी, हंगामभर ठरलेल्या दिवशी, बांधावर. साहेबाच्या भाषणावर शेतकऱ्याचा विश्वास बसत नाही. शेजाऱ्याच्या वावरात फूल टिकलेले दिसले की बसतो. दारूचेही तेच. डॉक्टरने सांगितले, बायकोने सांगितले, सासऱ्याने सांगितले, काही उपयोग नाही. कारण त्यातल्या कोणीच प्यालेली नसते. समोर बसलेला रिक्षावाला सांगतो की माझी सहा वर्षे झाली, आणि कालसुद्धा लग्नाच्या वरातीत जीव कासावीस झाला होता. तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनाला ते पटते. दुसरे म्हणजे हे काम एका फवारणीचे नाही, पाण्याच्या पाळीचे आहे. पाळी चुकली की पीक माना टाकते, आणि पुढच्या पाळीला दुप्पट पाणी सोडून ते भरून निघत नाही.

हे सगळ्यांना लागू पडते असे मी म्हणत नाही. काही जण दोन मीटिंगा करून पुन्हा फिरकत नाहीत. पण २०२० साली कोक्रेन या संस्थेने २७ अभ्यास एकत्र तपासले, बहुतेक परदेशातले. त्यात दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत ए.ए.ची आणि तिच्याकडे माणूस वळवणाऱ्या उपचारांची वाट इतर मान्य उपचारांच्या बरोबरीची, काही ठिकाणी सरस ठरली. फुकटच्या व्यवस्थेबद्दल हे थोडे नव्हे.

माळकरी मंडळींना हे नवे वाटणार नाही. माळ घातली आणि बाटली सुटली अशी माणसे प्रत्येक गावात दोन-चार तरी आहेत. पण नीट पाहा. ज्याला माळेबरोबर भजनाची मंडळी मिळाली, एकादशीला बोलवायला कोणी दारात आले, दिंडीत शेजारी चालायला कोणी मिळाले, त्याची टिकली. ज्याने नुसती माळ घातली आणि घरी बसला, त्याची माळ पोळ्याच्या आत खुंटीला गेली. संगत दोन्हीकडे लागते. ए.ए.मध्ये देवाचा उल्लेख येतो, पण ज्याला जसा कळतो तसा. मुसलमान शेतकरीही तिथे बसतो, देव न मानणाराही बसतो. शहरात काही मीटिंगा चर्चच्या खोल्यांत भरतात म्हणून ही धर्मांतराची भानगड आहे असे आमच्याकडे कोणी उठवले होते. त्यात तथ्य नाही. चर्चने खोली दिली, आपण दिली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दोन गोष्टींचा इशारा मात्र द्यायलाच हवा. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू तोडू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, माणसाला नसलेले दिसू लागते, भ्रम होतो, जिवावरही बेतते. 'कोंडून ठेवा, आपोआप उतरेल' हा सल्ला घातक आहे. आधी डॉक्टर, मग मीटिंग. दुसरे म्हणजे ते नकळत द्यायचे औषध. भाजीत कालवलेल्या त्या पुडीत काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसते. दारू सोडण्यासाठी डॉक्टर देतात त्या गोळ्यांपैकी एक अशी आहे की ती पोटात असताना वरून दारू पडली तर छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. ती रुग्णाला सांगून आणि तपासूनच देतात. बायाबापड्यांनी आशेपोटी असली पुडी घेऊ नये. केंद्रात ठेवायचे झाले तर ते मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणे नोंदलेले आहे का, हे विचारा. साखळी लावणारी आणि मारणारी दुकानेही 'केंद्र' अशीच पाटी लावतात. काही विचारायचे असेल तर १४४४६ हा नशामुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

घरच्यांसाठीही व्यवस्था आहे. ए.ए.वाल्यांच्या बायकांनी १९५१ साली अमेरिकेत अल-अ‍ॅनॉन नावाने आपले वेगळे गट बांधले, ते आपल्याकडेही चालतात. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण उभे केले. तिथे उपचार घेऊन गेलेल्यांसाठी पाठपुराव्याच्या मीटिंगा असतात आणि बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. काकूंना याची गरज तात्यांपेक्षा कमी नव्हती. वीस वर्षे त्या नवऱ्याच्या पावलांच्या आवाजावरून स्वयंपाक करायचा की पोरांना घेऊन शेजारी जायचे ते ठरवत आल्या होत्या. दारू सुटली तरी तो कान लगेच बंद होत नाही. आणि हो, पिणाऱ्या बायाही आहेत. त्यांच्याबद्दल गाव बोलत नाही, म्हणून त्या नाहीत असे नव्हे.

आता मुद्द्याचे. तात्यांचे गाव तालुक्यापासून बावीस किलोमीटर. मीटिंग सुटते साडेआठला, शेवटची एसटी पावणेआठला. काही गुरुवार मी सोडले, काही गुरुवार ते दुधाच्या टेम्पोने आले. ज्या आठवड्यात शेतीला रात्रीची वीज, त्या आठवड्यात मोटर सोडून येता येईना. कारखान्याची तोड आली तेव्हा दोन गुरुवार बुडाले आणि तिसऱ्याला तात्या पुन्हा प्याले. मीटिंगमध्ये त्यांना कोणी बोल लावला नाही. खुर्ची पुढे केली, पहिल्या दिवसापासून पुन्हा मोजायला सांगितले. आज त्यांना सव्वा वर्ष झाले आहे. पण ते टिकले त्याला त्यांच्या निश्चयाइतकाच तो दुधाचा टेम्पोही कारण आहे, आणि टेम्पोवाल्याच्या भरवशावर सगळा तालुका सोडता येत नाही.

संध्याकाळची वेळ ही शहरातल्या नोकरदाराची सोय आहे. खेड्यातल्या माणसाला सोयीचा दिवस एकच, आठवडी बाजाराचा. त्या दिवशी दहा-पंधरा गावची माणसे आपोआप येतात, गाड्या येता-जाता मिळतात, माल विकून दुपारी दोन-तीनपर्यंत हात रिकामे होतात. आणि खिशात रोख असते. बाजाराच्या दिवशी दुपारी दोन ते चार हीच पिणाऱ्याची सगळ्यात धोक्याची वेळ. नेमकी तीच वेळ मीटिंगला द्यावी. शिवाय बाजाराला आलेला माणूस कोणत्या दारात शिरला हे कोणी मोजत नाही. खेड्यात गुप्तता कसली, असे विचारतात. माणूस पितो हे सगळ्या गावाला माहीत असते, त्याची लाज कोणाला वाटत नाही. तो सोडू पाहतोय हे कळले की टवाळी सुरू होते. झाकायचे आहे ते हेच.

दारूबंदीची चळवळ करणाऱ्यांना माझे सांगणे आहे की हे काम तुमच्याविरुद्ध नाही. गडचिरोलीत १९९३ साली लोकांच्या रेट्याने जिल्हाभर दारूबंदी झाली. आपल्याकडेही आडव्या बाटलीला मते देऊन बायांनी दुकाने बंद केली आहेत, आणि ते चांगलेच झाले. पण दुकान बंद झाल्यावर शेजारच्या गावी चालत जाणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. दुकानाचा बंदोबस्त आणि माणसाची सोबत ही दोन कामे आहेत.

ग्रामपंचायतीने मीटिंग 'सुरू' करायची नाही, तिच्या हातची ती गोष्ट नाही. ती दारू सोडू पाहणारी दोन माणसेच करू शकतात. पंचायतीने द्यायची ती समाजमंदिराची किंवा शाळेची एक खोली, आठवड्यातून दोन तास, आणि तिची किल्ली. भाडे जरूर घ्यावे, वीस रुपये का होईना. ते लोक फुकट घेत नाहीत. उद्घाटन करू नये. फलक लावून त्यावर फोटो छापू नयेत. वर्ष काढलेल्या माणसाला शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार तर मुळीच करू नये, तेवढ्यासाठीच तो पुन्हा यायचा थांबेल. तालुक्याच्या दवाखान्यात, औषधाच्या दुकानात आणि एसटी स्टँडावर वार, वेळ आणि खोली लिहिलेला एक कागद चिकटवला, म्हणजे आम्हाला पडल्या तशा तीन खेपा दुसऱ्याला पडणार नाहीत.

पुढच्या ग्रामसभेत यासाठी अर्ज देता येईल. बाजाराच्या गावच्या वाचकांनी तो द्यावा. अर्ज चार ओळींचा पुरे. त्यात खोली कोणती, वार कोणता, वेळ काय एवढेच लिहावे. पिणाऱ्यांची नावे कोणी मागितली तरी लिहू नयेत.